बुंध्यापर्यंत ब्लॉक ठोकू नका: शहर गार ठेवताना होणाऱ्या चुका

सुशोभीकरणाचं काम निघालं की मला पहिली धास्ती वाटते ती उभ्या झाडांची. सांगलीच्या मे महिन्यात दुपारी दोनला चौकात बघा: रिक्षा, कलिंगडाचा गाडा, भाजीवाली मावशी, सगळे एकाच कडुलिंबाखाली. आणि आपण हात घालतो तो नेमका त्याच्याच मुळांत.

विश्रामबागेकडच्या एका रस्त्यावर असाच वीसेक वर्षांचा कडुलिंब होता. पदपथाचं काम आलं आणि बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसले, खाली काँक्रीट. मी भांडलो. ठेकेदार म्हणाला, "अण्णा, काळी माती हाय. पावसात फुगती, उन्हात भेगाळती. काँक्रीट न्हाई टाकलं तर ब्लॉक उचलत्यात." त्याचं मातीबद्दलचं म्हणणं खरंच होतं. पण म्हणून झाडाच्या तोंडावर झाकण घालायचं नसतं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला. तिसऱ्या वर्षी वळिवाच्या वाऱ्यात झाड मुळासकट आडवं झालं. मी वाकून पाहिलं. रस्त्याच्या बाजूची मनगटाएवढी मुळं एका सरळ रेषेत तुटलेली, कर्बसाठी जेसीबीनं चर मारला होता तिथं. उरलेली अंगठ्याएवढी मुळं काँक्रीटखाली गुंडाळी होऊन बसलेली. माती विटेसारखी कोरडी. पावसाचा थेंब आत गेलाच नव्हता.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. जुन्या झाडाला मी दीड मीटर सोडतो. आळं रस्त्यापेक्षा दोन बोटं खोल ठेवतो, म्हणजे पाणी आत वळतं. वर उसाचं पाचट, चार बोटं जाड, ओलं करून. बुंध्यापासून मात्र वीतभर लांब, नाहीतर साल कुजते. आपल्या जिल्ह्यात पाचट पेटवून देतात आणि झाडाखालची जमीन उघडी तापते, याचा मला फार राग येतो. आधीच काँक्रीट झालं असेल तर पहारीनं, हातानं काढा. ब्रेकर लावणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही.

बाकडी ठेवताना होणारी चूकही अशीच सर्रास. सकाळी दहाला जागा पाहायची, सावली आहे म्हणून बाकडं रोवायचं, आणि तीनला तिथं कुणी टेकू शकत नाही. मेच्या सुरुवातीला साडेबाराच्या सुमारास आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर असतो. नंतर तो पश्चिमेला कलतो आणि सावली पूर्वेला सरकते. बाकडं झाडाच्या पूर्वेला हवं. मी चारला जाऊन चुन्यानं खूण करतो, मगच खड्डा. आणि स्टीलचं बाकडं नकोच.

बसथांब्यावर नुसता पत्रा टाकू नका. पत्रा तापतो आणि ती धग डोक्यावर उतरते. वरून पांढरा चुना द्या, खाली बांबूची चटई लावा, आणि बाजू जाहिरातींनी बंद करू नका, वारा तिथूनच येतो.

हिरवळीच्या मागं लागू नका. पाणी खाते, सावली देत नाही.

गुलमोहर फुलतो सुंदर, पण ऐन उन्हात पानं विरळ आणि फांदी ठिसूळ. करंजाला त्याच वेळी नवी पालवी असते. कृष्णाकाठच्या सखल भागात तर कडुलिंबही नको, साचलेलं पाणी त्याला सोसत नाही. २०१९ च्या पुरानंतर आम्ही लावलेली कडुलिंबाची रोपं गेली, शेजारचे करंज आणि अर्जुन तगले. तेव्हापासून मी आधी पुराची रेघ विचारतो, मग रोप निवडतो.

फोटोसाठी फूटभर रोप लावून जाणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, नका लावू. पुरुषभर उंचीचं रोप, जाळी आणि तीन उन्हाळे पाणी घालणारा माणूस, एवढं जमत असेल तरच खड्डा काढा. पाणीही रोज तांब्याभर नको, मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, दोन बादल्या सावकाश ओता, खालपर्यंत मुरेल इतक्या.