हप्ता दरमहा आणि कमाई हंगामी: धंद्याचं कर्ज काढताना या चुका टाळा

बँकेचे कागद करायला माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: अनुदान किती मिळेल? वर्षभर धंदा चालवायला पैसा किती लागेल, हे फारसं कुणी विचारत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अख्खं कर्ज शेड आणि मशीनमध्ये घालणं. सावंतवाडीकडच्या एका तरुणाने काजू फॅक्टरी काढली. मुदत कर्ज मिळालं, बॉयलर आला, कटर आले, उद्घाटनाला गाव जेवलं. मार्चमध्ये काजू बी यायला लागली तेव्हा खात्यात पैसेच नव्हते. आपल्याकडची बी मे संपेपर्यंतच मिळते. तेवढ्यात घेऊन, उन्हात वाळवून गोदामात भरली तरच फॅक्टरी वर्षभर चालते. त्यात चार किलो बीला गर जेमतेम किलोभर, म्हणजे पैसा किती अडकतो बघा. त्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली. गर मलाच आणि मी ठरवीन त्या दराने द्यायचा, ही व्यापाऱ्याची अट. गणपतीपर्यंत बी संपली, मशीन बंद, हप्ता मात्र चालूच. ९० दिवसांवर थकला आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, झालं. माल उत्तम होता पोराचा, म्हणून जास्त वाईट वाटतं.

त्यामुळे मी अर्जाआधी बारा महिन्यांचा जमाखर्च मांडायला लावते, त्याशिवाय फॉर्म हातात घेत नाही. मुदत कर्जाबरोबरच खेळत्या भांडवलासाठी, म्हणजे माल भरायला आणि रोजच्या खर्चाला, कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेत लागेल तसं उचलायचं कर्ज) मागा, तेही फेब्रुवारीच्या आत मंजूर होईल असं. हप्ते हंगामाप्रमाणे बसवून द्या, हे शाखेत लेखी सांगा. घाई असलेल्यांना हा तक्ता म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. बँक मॅनेजर मात्र आधी तोच बघतो.

पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना. तिचं अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख. पण ते हातात पडत नाही. कर्जखात्याशी जोडून तीन वर्षं राहतं आणि खातं नियमित असेल तरच कर्जात वळतं होतं. त्याच्या भरवशावर शेड मोठी करू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

गिऱ्हाइकाचं यूपीआय घरच्या बचत खात्यात नको, धंद्याचं चालू खातं काढा.

आणि सातबारा. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतल्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, म्हणून जमिनीचे कागद लागणारच नाहीत असं समजू नका. शेड सामायिक जमिनीवर उभी राहणार असेल तर हिस्सेदारांची संमती मागतात. मुंबईचे चुलते गणपतीला घरी येतात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवा.