छपाईला गेलेली फाइल परत का येते? डिझाइन शिकताना या चुका टाळा

डिझाइन शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ सॉफ्टवेअरमधलं एकेक टूल हाताखाली आणण्यात जातो. पेन टूल जमलं, मास्क जमले, सावल्या-ग्रेडियंट जमले की काम येतं असं वाटू लागतं. प्रेसच्या यंत्राला मात्र तुमचं डिझाइन कधी दिसतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतात फक्त चार प्लेट्स, म्हणजे प्रत्येक शाईचा एकेक छापा: सायन, मजेंटा, पिवळी आणि काळी. या चार शायांनाच मिळून ‘सीएमवायके’ म्हणतात. तुम्ही पान बघत असता आणि यंत्र प्लेट वाचत असतं. फाइल परत येण्याची निम्मी-अधिक कारणं या फरकात दडलेली असतात.

म्हणून इतर काही शिकण्याआधी प्लेट बघायला शिका. इनडिझाइन आणि इलस्ट्रेटरमध्ये ‘सेपरेशन्स प्रिव्ह्यू’ असतो, अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ असतो, आणि मोफत मिळणाऱ्या स्क्रायबसच्या प्रिंट प्रिव्ह्यूमध्येही रंग वेगळे करून बघता येतात. एकेक रंग बंद-चालू करत पान तपासायचं. खालच्या बऱ्याचशा चुका त्यातच पकडल्या जातात.

काळा रंग: सगळ्यात जास्त घोळ इथे

छापलेल्या बारीक मजकुराच्या कडेला लालसर किंवा निळसर सावली दिसते? तो मजकूर चारही रंगांत गेला आहे. वर्डमधून किंवा वेबवरून आणलेला काळा हा आरजीबीतला, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशातला काळा असतो. त्याचं सीएमवायके करताना सॉफ्टवेअर चारही शायांचं मिश्रण बनवतं. फोटोशॉपच्या जुन्या डिफॉल्ट सेटिंगमध्ये शुद्ध काळ्याचे आकडे सायन, मजेंटा, पिवळा, काळा या क्रमाने ७५, ६८, ६७, ९० टक्के असे होतात. नऊ पॉइंटचं अक्षर चार प्लेट्सवर असेल, तर कागद केसभर सरकला तरी कडा फुटतात. तपासायला सोपं आहे: काळी प्लेट बंद करा. मजकूर पूर्ण गायब झाला तर ठीक. त्याचं भूत मागे उरलं तर रंग ०, ०, ०, १०० करा.

मोठ्या काळ्या पार्श्वभूमीचं गणित उलटं आहे. तिथे एकट्या काळ्या शाईचा थर धुवट दिसतो, म्हणून खाली इतर शाया द्याव्या लागतात. ६०, ४०, ४०, १०० हे नेहमीचं मिश्रण. मग काही उत्साही मंडळी चारही रंग १०० करतात. एकूण शाई ४०० टक्के झाली की ती वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. आर्ट पेपरवर साधारण ३०० ते ३३० टक्के आणि वर्तमानपत्राच्या कागदावर २४० टक्क्यांच्या आसपास मर्यादा धरतात. नेमका आकडा प्रेसकडून घ्या. ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा स्वॉच काळाच दिसतो, पण तो चारही प्लेट्सवर पूर्ण उमटतो. तो क्रॉप मार्कसाठी, म्हणजे कागद कुठे कापायचा त्या खुणांसाठी आहे, मजकुराला लावू नका.

याच घरातली आणखी एक गंमत. पडद्यावर पांढरा लोगो व्यवस्थित आहे आणि छापून आल्यावर तो गायब! बहुतेक वेळा तो आधी काळा होता, त्यावर ‘ओव्हरप्रिंट’ लागलेलं होतं, आणि कुणीतरी फक्त रंग बदलून पांढरा केला. ओव्हरप्रिंट म्हणजे खालची शाई न कापता वर छापणं. पांढरा म्हणजे शाईच नाही. खालचं कापलं नाही आणि वर काही छापलं नाही, मग दिसणार काय? ‘ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू’ चालू ठेवून काम केलं की हे आधीच कळतं.

रंग मेले, फोटो काळवंडले

पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा विजेसारखा निळा चार शायांत बसतच नाही. यात प्रेसची चूक नाही. घाबरून सीएमवायकेतून पुन्हा आरजीबीत गेल्याने गेलेला रंग परत येत नाही, फक्त आणखी एक रूपांतर पदरी पडतं. मूळ फोटो आरजीबीतच सांभाळा, प्रेसने सांगितलेलं प्रोफाइल (त्या यंत्रावर-कागदावर रंग कसे उमटतात याची फाइल) लावून ‘सॉफ्ट प्रूफ’, म्हणजे छापील रंगांचा पडद्यावरचा अंदाज बघत काम करा आणि शक्यतो शेवटी, एकदाच रूपांतर करा. निळा जांभळा छापला जात असेल तर सायनच्या मानाने मजेंटा जास्त झाला आहे. दोघांत किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवून बघा. सगळेच फोटो काळपट येत असतील तर संशय आधी स्वतःच्या मॉनिटरवर घ्या. तो फार उजळ ठेवला असेल तर अंधारा फोटोही तुम्हाला छान दिसतो.

‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ या शेजारशेजारच्या दोन आज्ञांची गल्लतही नेहमीची. पहिली आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते, म्हणून रंग डोळ्यांदेखत बदलतात. दुसरी रंग शक्य तितका तसाच ठेवून आकडे बदलते. तुम्हाला बहुतेक वेळा दुसरी हवी असते.

रिझोल्युशन

यावर वाजवीपेक्षा जास्त बोललं जातं. छापण्याच्या प्रत्यक्ष आकाराला ३०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) पुरेसं, म्हणजे ए४ साठी २४८० × ३५०८ पिक्सेल. ७२ च्या जागी ३०० टाइप केल्याने तपशील जन्माला येत नाही. इनडिझाइनच्या लिंक्स पॅनेलमध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ बघा. फोटो ताणला की खरा आकडा तिथे घसरलेला दिसतो. दुरून बघायच्या मोठ्या फलकाला ३०० चा हट्ट नको.

कटिंग आणि घडी

ब्लीड, म्हणजे कापाच्या रेषेबाहेर वाढवलेली पार्श्वभूमी, सर्वसाधारणपणे ३ मिलिमीटर. विसरल्यावर अख्खं पान थोडं ताणून ब्लीड ‘काढण्याची’ पळवाट कित्येकजण शोधतात; त्यात मजकूर कापाच्या रेषेकडे सरकतो आणि समास वाकडे दिसतात. फक्त पार्श्वभूमी वाढवा.

घडी घालून तीन भाग होणाऱ्या माहितीपत्रकात खरी फजिती होते. ए४ ची २९७ मिलिमीटर रुंदी तीन समान भागांत विभागली की आत जाणारा भाग अडतो आणि फुगतो. १००, १०० आणि ९७ असे भाग करा. आता पुढचा मुद्दा: कागद उलटला की हा क्रमही उलटतो, म्हणजे मागच्या पानावर ९७ चा भाग दुसऱ्या टोकाला येतो. दोन्ही बाजूंना एकच ग्रिड वापरलेल्या फाइली नवशिक्यांकडून सर्रास येतात. कोऱ्या कागदाची डमी घडी घालून तिच्यावर पेनाने आकडे लिहिले की हा गोंधळ होत नाही. मध्ये पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत हवीत, हेही डमी बनवताना आपोआप लक्षात येतं.

देवनागरी तुटते तेव्हा

इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी टाकल्यावर ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी गेली किंवा जोडाक्षर हलन्त लागून सुटं झालं, तर फाँट बदलत बसू नका. परिच्छेदाच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. शिरोरेषेला भेगा दिसत असतील तर ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य करा. जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्येही अक्षरांमधली जागा शून्यावर ठेवून फक्त शब्दांमधली जागा कमी-जास्त होऊ द्या. रोमन लिपीच्या सवयीने ठेवलेलं ओळींचं अंतर देवनागरीला अपुरं पडतं, वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. जुन्या पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करणं तर टाळाच. डोळ्यांना नीट दिसणारा मजकूर पेस्ट केल्यावर काय होऊन येईल याचा नेम नाही.

प्रेसला देताना मजकूर कर्व्ह केला असेल, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवले असतील, तर कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. एका वेलांटीची दुरुस्ती आली तरी तिच्यावाचून अडतं.

पीडीएफ देताना

इनडिझाइनच्या प्रीफ्लाइटचा (फाइलच्या आपोआप तपासणीचा) हिरवा ठिपका बघून निर्धास्त होऊ नका. मूळ ‘बेसिक’ प्रोफाइल हरवलेल्या लिंक्स, हरवलेले फाँट आणि चौकटीबाहेर सांडलेला मजकूर असल्याच गोष्टी बघतं. आरजीबी फोटो किंवा कमी रिझोल्युशन त्याच्या यादीत नाही. स्वतःचं प्रोफाइल बनवा. छपाईच्या पीडीएफचे प्रकार असतात: पीडीएफ/एक्स-१ए मध्ये ट्रान्स्परन्सी (सावल्यांसारखे पारदर्शक परिणाम) सपाट होते, पीडीएफ/एक्स-४ मध्ये जिवंत राहते. कुठलं हवं ते प्रेसला विचारा. सपाट पीडीएफमध्ये पांढऱ्या बारीक रेघा दिसल्या तर झूम करा. झूम वाढवूनही रेघ जाड होत नसेल तर ती बहुधा फक्त पडद्यावरची आहे.

पडद्यासाठीचं काम

इथे प्लेट नाही, पण तोच प्रश्न उरतो: बघणाऱ्याच्या यंत्रावर काय पोचतंय? छपाईची सीएमवायके जेपीईजी वेबसाठी तशीच दिली की रंग विचित्र दिसू शकतात. वेबसाठीच्या नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट करून द्या. ‘वेबला ७२ डीपीआय’ हा नियम सोडून द्या, पडद्याला पिक्सेलची संख्याच कळते. लोगो आणि मजकुराभोवती घाण दिसत असेल तर ती जेपीईजीच्या दाबणीची आहे, तिथे पीएनजी किंवा एसव्हीजी वापरा. एसव्हीजीतला मजकूर कर्व्ह केलेला नसेल आणि समोरच्याकडे फाँट नसेल, तर दुसराच फाँट येतो.

फिकट करड्यावर पांढरी अक्षरं मोठ्या मॉनिटरवर नाजूक वाटतात, उन्हात धरलेल्या फोनवर वाचता येत नाहीत. वेबच्या सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. मोफत तपासनीस भरपूर आहेत. आणि डिझाइन नेहमी झूम करून बघण्यापेक्षा ती फाइल फोनवर पाठवून, हात लांब धरून, एकदा खऱ्या आकारात वाचून बघा.