जिंपमध्ये ‘सेव्ह’ केलं, पण जेपीजी कुठंय? या चुका टाळा

मंडळाच्या गणपतीचा बॅनर तयार झाला. कंट्रोल-एस दाबलं, नावापुढे ‘डॉट जेपीजी’ टाइप केलं, आणि जिंपने, म्हणजे चित्रं-फोटो बनवण्या-सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरने, सरळ नकार दिला. इथे फक्त एक्ससीएफ (जिंपचा स्वतःचा फाइल-फॉरमॅट) मिळेल, बाकी फॉरमॅट हवे असतील तर एक्सपोर्टकडे जा म्हणे. जुन्या जिंपवर हात बसलेल्या बहुतेकांनी या उंबरठ्यावर एकदा तरी ठेच खाल्ली आहे. मीही खाल्ली, आणि वर्षभर चरफडत होतो.

हा बदल मे २०१२ मध्ये आलेल्या २.८ आवृत्तीपासूनचा. २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्येही तो कायम आहे, तेव्हा ‘पुढच्या अपडेटमध्ये जुनं परत येईल’ ही आशा सोडलेली बरी. आता ‘सेव्ह’ म्हणजे काम ठेवणं: लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर), मास्क, पाथ, सिलेक्शन, टेक्स्ट, सगळं जसंच्या तसं एक्ससीएफमध्ये. आणि ‘एक्सपोर्ट’ म्हणजे त्या कामाची दुसऱ्याला द्यायची प्रत काढणं, मग ती जेपीजी असो, पीएनजी असो की आणखी काही. पूर्वी दोन्ही कामं ‘सेव्ह’च करायचं. दहा लेयरचं डिझाइन जेपीजी म्हणून सेव्ह केलं की लेयर सपाट करायचे का एवढं एकदा विचारायचं, आणि त्यानंतर काम सुरक्षित आहे असंच धरून चालायचं. खिडकी बंद करताना मग चकार शब्द नाही. लेयर गेल्याचं दुसऱ्या दिवशी कळायचं, जेव्हा अध्यक्षांचा फोन यायचा की ‘आरतीची वेळ बदलली, तेवढं करून द्या.’

नाव बदलून फॉरमॅट बदलत नाही

सेव्हच्या खिडकीत अडलेले काही जण शक्कल लढवतात. एक्ससीएफ म्हणून सेव्ह करायचं आणि मग फोल्डरमध्ये जाऊन फाइलचं शेपूट (नावातला ‘डॉट’नंतरचा भाग) बदलून जेपीजी करायचं. आत एक्ससीएफच राहतं, समोरच्याच्या मोबाइलवर फाइल उघडत नाही, आणि तो म्हणतो तुमची फाइल खराब आहे. उपाय सोपा आहे: कंट्रोल-शिफ्ट-ई, म्हणजे ‘एक्सपोर्ट अ‍ॅज’. नावाला जे शेपूट द्याल त्या फॉरमॅटची प्रत मिळते. एकदा एक्सपोर्ट केलं की त्याच बैठकीत पुढच्या वेळी नुसतं कंट्रोल-ई पुरतं.

विंडोज मुळात ही शेपटं लपवून ठेवतं, त्यामुळे ‘बॅनर’ नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतात आणि घाईत भलतीच पाठवली जाते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर आजच टिक करून टाका.

बंद करतानाचा इशारा न वाचता उडवणं

ही मला सगळ्यात धोक्याची सवय वाटते, आणि ती लागण्यात थोडा वाटा जिंपचाही आहे. नुसता फोटो उघडला, कातरला, एक्सपोर्ट केला, तरी बंद करताना ते विचारतंच की बदल सेव्ह झालेले नाहीत, काय करू? त्याच्या हिशेबाने बरोबर आहे, कारण एक्ससीएफ कुठेच नाही. आपण ‘डिस्कार्ड चेंजेस’ दाबतो. पन्नास वेळा दाबलं की बोट डोळ्यांच्या आधी पोचायला लागतं, आणि एक्कावन्नाव्या वेळी चार तासांची लग्नपत्रिका जाते.

नव्या आवृत्त्यांमध्ये त्याच खिडकीत चित्र कुठे एक्सपोर्ट झालंय हेही लिहिलेलं असतं. ती ओळ दिसली तर निदान प्रत तरी हातात आहे. ती दिसली नाही, तर थांबा. मी स्वतःसाठी एक नियम केलाय: चित्रात एकापेक्षा जास्त लेयर असतील तर ‘डिस्कार्ड’ला हात लावायचा नाही.

मूळ फोटोवरच ओव्हरराइट

जेपीजी उघडून काम केलं की फाइल मेनूत ‘ओव्हरराइट’ असं कलम दिसतं, पुढे त्याच फाइलचं नाव. जुन्या ‘सेव्ह’ची आठवण येणाऱ्यांना हे माहेर वाटतं. फोटोचा उजेड थोडा वाढवायचा असेल तर हरकत नाही. पण मी काय केलं ते ऐका. आजोबांचा एकुलता एक चांगला फोटो आत्याकडून अल्बम मागवून मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केला होता. घरच्या ग्रुपवर टाकायला तो आठशे पिक्सेलचा केला आणि ‘ओव्हरराइट’ दाबलं. मोठं स्कॅन संपलं. जिंप बंद केलं होतं, त्यामुळे ‘अनडू’ची वाटही बंद. अल्बम तोवर आत्याबरोबर बेळगावला परत गेला होता.

चूक तेव्हाच लक्षात आली आणि चित्र अजून उघडं असेल, तर कंट्रोल-झेडने मागे जा आणि वेगळ्या नावाने एक्सपोर्ट करा. जेपीजी पुन्हा आवळली जाऊन थोडी खराब होईल, पण आकार तरी वाचेल. खिडकी बंद झाली की अनडूचा इतिहास जातो. तो एक्ससीएफमध्येही साठवला जात नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

जेपीजीलाच मूळ फाइल समजणं

बॅनरवर ‘शुभेच्छूक’ असं दीर्घ ऊकारानं गेलं आणि कोणीतरी ऱ्हस्व-दीर्घ काढलं. एक्ससीएफ असेल तर टेक्स्टच्या लेयरवर टेक्स्ट टूलने क्लिक करायचं आणि अक्षर बदलायचं, अर्ध्या मिनिटाचं काम. फक्त जेपीजी असेल तर तो शब्द म्हणजे रंगांचे ठिपके. मग मागचा रंग फासा, फाँट शोधा, पुन्हा लिहा. शिवाय जेपीजी दर वेळी उघडून, बदलून पुन्हा लिहिली की थोडी खराब होते. देवनागरी अक्षरांच्या कडांना आणि बारीक रफारांना हे आधी दिसतं. क्वालिटी शंभरवर ठेवल्याने गेलेलं परत येत नाही, नुसती फाइल फुगते.

फाँटचीही एक खोच आहे. एक्ससीएफमध्ये फाँट साठवलेला नसतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसेल तर चित्र नीट दिसतं, पण मजकुराला हात लावला की अक्षरांचं रूप बदलतं. फाइलीबरोबर फाँटही द्या. आणि एक्ससीएफ जागा खाते अशी तक्रार असेल तर सेव्ह करताना नावाच्या शेवटी ‘डॉट एक्ससीएफ डॉट जीझेड’ लिहा. फाइल आवळून ठेवली जाते आणि जिंप ती थेट उघडतं.

एक्सपोर्ट झालं, पण भलतंच दिसतंय

प्रतीत एखादी गोष्ट गायब असेल तर आधी लेयरच्या यादीतली डोळ्यांची चिन्हं बघा. जे लेयर दिसत नाहीत ते जेपीजी-पीएनजीत जात नाहीत. कॅनव्हासच्या बाहेर सरकलेला भागही कापला जातो. पारदर्शक लोगोमागे अचानक लाल रंग आला? जेपीजीला पारदर्शकता कळत नाही, म्हणून टूलबॉक्समधला बॅकग्राउंडचा रंग भरला जातो. पांढरा हवा असेल तर तो पांढरा करा, पारदर्शकच हवं असेल तर पीएनजी काढा.

ऑनलाइन अर्जासाठी पन्नास केबीच्या आतला फोटो हवा असेल तर एक्सपोर्टच्या खिडकीत प्रिव्ह्यूवर टिक करा, फाइलचा आकार तिथेच दिसतो. आधी फोटोचे पिक्सेल कमी करा, मग क्वालिटी उतरवा. लोक उलटं करतात आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात.

छापखान्यात मात्र एक्ससीएफ घेऊन जाऊ नका. तिथे बहुधा फोटोशॉप किंवा कोरल असतं, आणि फोटोशॉप ती फाइल उघडत नाही. फोटोशॉपचा पीएसडी फॉरमॅट एक्सपोर्ट करता येतो, पण त्यात टेक्स्ट टेक्स्टच राहील या भरवशावर राहू नका. त्यांना कोणता फॉरमॅट हवा ते आधी विचारा.

कंट्रोल-एसला जुन्या वळणावर आणणं

एडिट मेनूतल्या ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’मध्ये कंट्रोल-एस ओव्हरराइटला जोडता येतं. जोडू नका. ज्या चुकीपासून वाचवायला हा सगळा खटाटोप झाला, ती तुम्ही स्वतःच्या हाताने परत आणाल. दिवसभर नुसते फोटो कातरायचे असतील तर इरफानव्ह्यूसारखं छोटं सॉफ्टवेअर जास्त सोयीचं.

वैतागून फोटोशॉपकडे गेलात तरी सुटका नाही. मे २०२१ च्या २२.४ आवृत्तीपासून लेयरवाल्या फाइलीला ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जेपीजी दिसेनाशी झाली आणि ‘सेव्ह अ कॉपी’त जाऊन बसली. तिथेही लोक इतके चिडले की पुढच्याच महिन्यात, २२.४.२ मध्ये, जुनी पद्धत परत आणण्याची सोय द्यावी लागली. प्रेफरन्सेसमध्ये ‘फाइल हँडलिंग’ उघडा, ‘एनेबल लेगसी सेव्ह अ‍ॅज’वर टिक करा. शेजारीच नावापुढे ‘कॉपी’ हा शब्द जोडू नये अशीही टिक आहे. ती करायची असेल तर करा, पण मग मूळ फाइलीवर मूळच्याच नावाने प्रत बसवताना येणारा प्रश्न तरी नीट वाचा.