माण-आटपाडीत बांधावरची झाडं शिकवताना

जूनमध्ये समाजमंदिरात दोन तास बोलायचं आणि जाताना रोपं वाटायची, याला प्रशिक्षण म्हणू नये. एकाच बांधावर वीस-पंचवीस शेतकऱ्यांना तीनदा बोलवा: एप्रिल-मेमध्ये खड्ड्यांसाठी, दोन चांगले पाऊस झाल्यावर लागणीसाठी आणि दिवाळीनंतर किती रोपं मेली ते मोजायला.

पहिल्या दिवशी आधी सावली दाखवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेच्या बांधावरच्या मोठ्या झाडाची सावली आपल्याच शाळूवर (रब्बी ज्वारीवर) पडते आणि उत्तरेच्या बांधावरची शेजाऱ्याच्या. भांडणं इथूनच सुरू होतात. मोठी झाडं उत्तरेला लावायची तर शेजाऱ्याशी आधी बोला. दक्षिणेला सीताफळ, शेवगा अशी बुटकी झाडं ठेवा.

मग दोरी टाकून गणित करायला लावा. ३०० फुटांच्या बांधावर ३० फुटांवर एक चिंच धरली तर ११ चिंचा बसतात. दोन चिंचांच्या मध्ये दहा-दहा फुटांवर दोन सीताफळं, म्हणजे २०. शेवगा पहिल्या वर्षातच शेंग देतो, सीताफळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी. चिंच कलमाचीच घ्या, बियांच्या रोपाला फळ यायला आठ-दहा वर्षं जातात. सीताफळाला शेळी तोंड लावत नाही, इकडे हा गुण लहान नाही. नुसता साग लावून दहा वर्षांत लखपती व्हाल, असं कुणी सांगत असेल तर त्याला आपला मुरूम, म्हणजे मातीखालचा कठीण खडकाळ थर दाखवा; त्यात साग तसा वाढत नाही.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. महिनाभर उन्हात तापू द्या. मुरमात खड्डा कुंडीसारखा वागतो, मुळं आतच फिरतात, म्हणून तळ पहारीने फोडायचा. निघालेला मुरूम बाजूला टाका. वरची माती, दोन घमेली शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड भरा.

लागणीच्या दिवशी सगळ्यांसमोर एक पिशवी फाडून मुळं बादलीत धुवा. तळाशी वेटोळी दिसली तर ती ब्लेडने कापायची. हे टाळलं की झाड खुरटतं, नाहीतर चार-पाच वर्षांनी वाऱ्यात आडवं होतं. रोप वर्षभराचं, दोन-तीन फुटांचं असावं. पिशवी काढायचीच, "आपोआप कुजेल" हे खरं नाही. माती पायाने दाबा, आळं उताराच्या वरच्या बाजूला उघडं ठेवा.

आच्छादन खोडापासून चार बोटं लांब. चिकटून टाकलं की वाळवी येते, आणि तहानलेल्या झाडावर ती आधी चढते. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एक कळशी पाणी लागतंच. तेवढं नसेल तर झाडं कमी लावा.

दिवाळीनंतरच्या फेरीत मेलेलं प्रत्येक रोप उपटून बघा. मूळ वाळलेलं, कुजलेलं की वाळवीने खाल्लेलं, हे शेतकऱ्यालाच सांगू द्या. त्याच दिवशी ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी मोबाइल अ‍ॅपमध्ये, बांधावरची झाडं नोंदवून घ्या. साग तोडायला परवानगी लागते, तेव्हा नोंद नसली की हेलपाटे पडतात. खासगी जमिनीतला बांबू मात्र २०१७ पासून वन कायद्यात 'झाड' धरला जात नाही.