बांधावरच्या गिरिपुष्पातून घरचे खत

दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या शेतकऱ्याला झाडांसाठी वेगळे रान सोडता येत नाही आणि युरियाबरोबर शेणखतही विकत घेणे जड जाते. अशा वेळी रिकामा पडलेला बांध गिरिपुष्पाखाली (ग्लिरिसिडिया, ज्याचा पाला हिरवळीचे खत म्हणून वापरतात ते झाड) आणावा.

१. उन्हाळ्यात पिवळसर-तपकिरी झालेल्या शेंगा तडकण्याआधी तोडाव्यात, बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि पिशव्यांत पेरावे. जाड फांदी खोचूनही झाड जगते. परंतु बियांपासूनच्या रोपाची मुळे अधिक खोल जात असल्याने कमी पावसाच्या भागात रोपच लावणे मला योग्य वाटते.

२. जून-जुलैमध्ये पाऊस मुरल्यावर बांधावर, शक्यतो शेजाऱ्याला विचारून, अर्धा ते एक मीटर अंतरावर रोपे लावावीत.

३. दुसऱ्या वर्षापासून झाड कमरेच्या उंचीवर छाटावे. पेरणीपूर्वी मिळालेला पाला कोवळ्या फांद्यांसह वखराने मातीत मिसळावा, उभ्या पिकात तो दोन ओळींमध्ये अंथरावा आणि रब्बीपूर्वी पुन्हा एकदा छाटणी घ्यावी. छाटणी लांबली की पिकावर सावली पडते व फांद्या निबर होऊन लवकर कुजत नाहीत. म्हणून हे काम पुढे ढकलू नये. निबर फांद्या सरपणाला उपयोगी पडतात.

या झाडाला उंदीरमारी असेही म्हणतात. त्याचे बी व साल विषारी असल्याने बी मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि पाला कोंबड्यांना किंवा घोड्यांना घालू नये.