सरकारी मदत मागणाऱ्या कंपनीने कर किती भरला, हे कसे तपासावे

मोठी कंपनी संकटात सापडून सरकारच्या दारी येते तेव्हा दोन आकडे हमखास पुढे केले जातात: किती नोकऱ्या जातील आणि किती कोटी रुपये लागतील. चांगल्या दिवसांत त्याच कंपनीने त्याच सरकारच्या तिजोरीत किती कर भरला, हा तिसरा आकडा सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते मदतीचा निर्णय होण्याआधी तो जाहीरपणे मांडला गेला पाहिजे. तो शोधण्यासाठी सनदी लेखापाल असण्याची गरज नाही. कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध असेल, तर तिचा वार्षिक अहवाल आणि थोडा निवांत वेळ एवढ्यावर बरेच काही हाती लागते.

सुरुवातीला शब्दांची शिस्त पाळावी. उत्पन्न लपवणे किंवा खोटी बिले दाखवणे ही करचुकवेगिरी आहे आणि तो गुन्हा आहे. कायद्याच्या चौकटीत राहून नफा कमी कराच्या देशात दाखवणे ही करटाळणी. ती बहुतेक वेळा कायदेशीर असते. सरकारने स्वतः देऊ केलेली सवलत घेणे हे साधे करनियोजन होय. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मॅकडॉवेल खटल्यात म्हटले होते की करनियोजन कायद्याच्या चौकटीत असेल तर ते वैध आहे, मात्र दिखाऊ क्लृप्त्यांना त्यात स्थान नाही. तेव्हा पुरावा करटाळणीचा असताना ‘करचोरी’ असा शब्द वापरू नये. त्याने आपलीच बाजू लंगडी पडते.

प्रत्यक्ष तपासणीसाठी कार्निव्हल या क्रूझ कंपनीचे उदाहरण घेऊ, कारण तिचे कागद वाचायला सोपे आहेत आणि २०२० साली कोरोनाच्या साथीत हाच प्रश्न तिच्याबाबत उघडपणे विचारला गेला. पहिले काम म्हणजे नोंदणीचा देश पाहणे. अमेरिकेत सूचिबद्ध असलेल्या कंपनीच्या वार्षिक विवरणाच्या पहिल्याच पानावर तो छापलेला असतो. कार्निव्हलचे मुख्यालय फ्लोरिडातील मायामीत असले तरी कार्निव्हल कॉर्पोरेशनची नोंदणी पनामात होती आणि तिची जोडकंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली होती. स्पर्धकांची स्थितीही अशीच होती: रॉयल कॅरिबियन लायबेरियात, तर नॉर्वेजियन क्रूझ लाइन बर्म्युडात.

दुसरे काम म्हणजे नफा-तोटा पत्रकातील दोन ओळी शेजारी मांडणे: करपूर्व नफा आणि कराचा खर्च. २०१९ च्या आर्थिक वर्षात कार्निव्हलचे उत्पन्न सुमारे २,०८० कोटी डॉलर आणि करपूर्व नफा सुमारे ३०६ कोटी डॉलर होता. कराचा खर्च होता सुमारे ७.१ कोटी डॉलर. भागाकार केला की प्रभावी दर येतो सुमारे २.३ टक्के, आणि त्या वर्षी अमेरिकेतील कंपनी कराचा संघीय दर होता २१ टक्के. एवढी तफावत दिसली की करविषयक टिपेकडे वळावे. दर कमी का झाला याचे कारण तेथे कंपनीलाच लिहावे लागते. येथे कारण होते अमेरिकी करकायद्यातील कलम ८८३. एखादा देश अमेरिकी जहाजांना तशीच सूट देत असेल, तर त्या देशात नोंदलेल्या कंपनीच्या आंतरराष्ट्रीय जहाज वाहतुकीच्या उत्पन्नावर अमेरिका कर लावत नाही. म्हणजे यात लपवाछपवी काही नव्हती. जे होते ते कायद्याने दिलेले आणि कंपनीने विचारपूर्वक निवडलेले होते.

तिसरे काम रोख प्रवाह पत्रकात आहे. संकट येण्याआधी पैसा कुठे गेला ते तेथे दिसते. कार्निव्हलने २०१९ मध्ये प्रति समभाग दोन डॉलर, म्हणजे एकूण सुमारे १४० कोटी डॉलर, लाभांश वाटला. भरलेला कर आणि वाटलेला लाभांश हे दोन आकडे एका ओळीत लिहून पाहावेत. मदतीच्या चर्चेत याहून बोलकी जोडी मला तरी आढळलेली नाही.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेने केलेल्या मदत कायद्यात मोठ्या उद्योगांच्या कर्जासाठी अट होती की कंपनी अमेरिकेत स्थापन झालेली असावी आणि तिचे बहुसंख्य कर्मचारी तेथे असावेत. कार्निव्हल त्यात बसली नाही. तिने जहाजे तारण ठेवून बाजारातून ११.५ टक्के व्याजाने ४०० कोटी डॉलर उभे केले. मात्र मध्यवर्ती बँकेने त्याआधीच रोखे बाजाराला आधार जाहीर केला होता आणि त्याचा लाभ अशा कंपन्यांनाही झाला. म्हणून मदत शोधताना फक्त थेट कर्जाची यादी पाहणे पुरेसे नसते.

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूरची नाही. गोव्यातील आणि कोकण पट्ट्यातील कितीतरी घरे क्रूझ जहाजांवरच्या पगारावर चालतात, आणि २०२० च्या त्या महिन्यांत हजारो खलाशी व सेवक समुद्रात अडकून पडले होते. जहाजावर झेंडा एका देशाचा, कंपनी दुसऱ्या देशाची, कार्यालय तिसऱ्या देशात आणि कामगार चौथ्या देशाचा. अशा रचनेत कर जसा कोणत्याच तिजोरीत पुरता पोहोचत नाही, तशी कामगाराची जबाबदारीही कोणतेच सरकार पुरती घेत नाही. करटाळणीकडे केवळ हिशेबाचा प्रश्न म्हणून पाहू नये असे मला वाटते, ते या अनुभवामुळे.

भारतीय कंपनीसाठी कागद थोडे वेगळे आहेत. कंपनीचा २१ अक्षरांचा ओळख क्रमांक घ्यावा. त्यातूनच राज्य आणि स्थापनेचे वर्ष कळते. मग एकत्रित आर्थिक विवरणाला जोडलेला एओसी-१ हा तक्ता शोधावा. बरेच वाचक तो उलटून पुढे जातात, पण कामाची सर्वाधिक माहिती तेथेच असते: प्रत्येक उपकंपनीची उलाढाल, करपूर्व नफा आणि करासाठीची तरतूद वेगवेगळ्या रकान्यांत दिलेली असते. एखाद्या छोट्या बेटावरील उपकंपनीची उलाढाल नगण्य, नफा मोठा आणि कर शून्य असेल, तर तिच्यावर खूण करावी. त्यानंतर संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप वाचावी. परदेशी मूळ कंपनीला दिलेले स्वामित्वशुल्क, व्यवस्थापन शुल्क आणि कर्जावरचे व्याज यांच्या वाटेने नफा बाहेर जातो.

येथे घाई करू नये. कमी कर म्हणजे करटाळणीच, असे नाही. आपल्याकडे व्यवसायातील तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो, आणि कंपनीच्या हिशेबातील आणि आयकरातील घसाऱ्याच्या दरांत फरक असल्याने काही कर पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. सप्टेंबर २०१९ पासून इतर सवलती सोडणाऱ्या देशी कंपन्यांना अधिभार व उपकरासह सुमारे २५.१७ टक्के दर मिळाला, तो तर सरकारचाच निर्णय होता. म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. किमान पाच वर्षांची बेरीज करावी आणि तरतुदीचा आकडा प्रत्यक्ष भरलेल्या कराशी ताडून पाहावा.

व्होडाफोनचे प्रकरण याच सावधपणासाठी अभ्यासावे. २००७ मध्ये हाँगकाँगच्या हचिसन कंपनीचा भारतीय मोबाइल व्यवसाय व्होडाफोनला सुमारे ११०० कोटी डॉलरना विकला गेला, पण खरेदी झाली ती केमन बेटांवरील एका कंपनीच्या समभागांची. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आयकर विभागाच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो फिरवला, संसदेने त्याच वर्षी कायद्यात पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांनाही लागू होणारी, दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये तशी मागणी सोडून दिली. पुढे व्होडाफोन आयडिया अडचणीत आल्यावर सरकारने २०२३ मध्ये १६,१३३ कोटी आणि २०२५ मध्ये ३६,९५० कोटी रुपयांच्या थकबाकीचे समभागांत रूपांतर केले. सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्के झाला. या दोन गोष्टी एका दमात सांगण्याचा मोह होतो, पण ते न्याय्य नाही. पहिला वाद विक्रेत्याच्या नफ्यावर खरेदीदाराने कर कापून घ्यायला हवा होता का, हा होता. दुसरी थकबाकी स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेसाठीच्या रेडिओलहरी) व परवाना शुल्काशी निगडित होती. शिवाय तोट्यातील कंपनीवर आयकर लागत नाही. तिला आधार देण्यामागे दूरसंचार क्षेत्रात दोनच खासगी कंपन्या उरू नयेत हा विचार होता, आणि तो मला पटतो.

मग अपात्र कोणाला ठरवावे? एप्रिल २०२० मध्ये डेन्मार्कने युरोपीय संघाच्या यादीतील करआश्रयस्थानांत नोंदलेल्या कंपन्यांना मदत नाकारली, आणि मदत घेणाऱ्यांना २०२० व २०२१ मध्ये लाभांश व समभाग पुनर्खरेदीची बंदी घातली. दिशा योग्य होती, पण त्या यादीत आयर्लंड, नेदरलँड्स किंवा लक्झेंबर्ग नव्हते. केवळ नोंदणीच्या पत्त्यावर आधारलेली अट अशी सहज ओलांडता येते. माझ्या मते निकष पाच वर्षांच्या प्रत्यक्ष करभरण्याचा असावा. तो फारच कमी असून त्याचे समाधानकारक कारण मिळत नसेल, तर मदत कामगारांच्या पगाराला आणि अत्यावश्यक सेवेला द्यावी, भागधारकांना नव्हे. कंपनीला द्यायचीच असेल, तर मालकीतील वाट्याच्या बदल्यात द्यावी.

हे सारे एका पानात उतरवून आपल्या खासदाराला पाठवावे: नोंदणीचा देश, पाच वर्षांचा करपूर्व नफा, भरलेला कर, वाटलेला लाभांश आणि खूण केलेल्या उपकंपन्या. माहितीच्या अधिकारात कंपनीचे आयकर विवरणपत्र मागण्यात वेळ घालवू नये, कारण व्यापारी गोपनीयतेच्या कारणाने असा अर्ज बहुधा फेटाळला जातो. त्याऐवजी संबंधित मंत्रालयाकडे मदतीच्या मंजुरीचा आदेश, त्यातील अटी आणि त्या पाळल्या गेल्या का हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम मागावे.