रूट कॅनालनंतर पोखरलेली दाढ वाचवताना

रूट कॅनाल झालेली दाढ 'सुकते' म्हणून ठिसूळ होते, असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. खरे कारण असे, की कीड, जुने सिमेंट आणि उपचारासाठी पाडलेले छिद्र यांत तिच्या भिंतीच गेलेल्या असतात. म्हणून कॅप कोणत्या प्रकारची, हे विचारण्याआधी कीड पूर्ण काढल्यावर हिरडीच्या वर निरोगी दाताचा काठ किती उरेल, हे डॉक्टरांना विचारावे. सभोवार दीड ते दोन मिलिमीटर उंचीचा आणि सुमारे एक मिलिमीटर जाडीचा काठ असेल, तर बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळून धरते तशी कॅप दाताला धरून ठेवते. काठ कमी असल्यास हिरडी व हाड थोडे खाली घेऊन किंवा तारेने दात हळूहळू वर ओढून तो मिळवता येतो. तेही शक्य नसेल, तर दात काढण्याचा सल्ला प्रामाणिक मानावा.

मुळात बसवायच्या खुंटीविषयी, म्हणजे पोस्टविषयी, गैरसमज अधिक आहेत. ती दाताला बळ देत नाही, केवळ वरचा भराव धरून ठेवते. उलट तिच्यासाठी मूळ जितके कोरावे तितके ते पातळ होते, त्यामुळे दाढेच्या आतल्या पोकळीतच भराव टिकत असेल तर ती टाळावी. बसवायचीच झाल्यास मुळाच्या टोकाशी रूट कॅनालचे चार-पाच मिलिमीटर भरण राखावे लागते. फायबरची खुंटी जवळजवळ दाताइतकी लवचिक असते, ताठ धातूची मात्र पाचरीसारखी मूळ उभे चिरू शकते, आणि तशी चिरलेली दाढ बहुधा काढावीच लागते.

पुढच्या दाताला मागून छिद्र एवढेच असेल, तर बहुतेकदा कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा भराव, पुरतो. दाढेला मात्र बहुतेकदा कॅप हवीच, आणि 'सुगी झाल्यावर बघू' म्हणून ती लांबवू नये, कारण तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिरपू लागते. गावाहून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात यावे लागत असेल, तर रूट कॅनाल संपतानाच पक्क्या भरावाची व कॅपची तारीख ठरवून घ्यावी, आणि तोवर ऊस, सुपारी, फुटाणे त्या बाजूने चावू नयेत.

पुढे कॅप हलली तर लगेच दाखवावी, निघाली तर ती जपून ठेवून सोबत न्यावी. घरातल्या गोंदाने चिकटवू नये.